आयुष्यमान रामाजी आघाडीवर

नागपूरच्या पाचपावलीत संघपालला सगळे 'मास्टर' म्हणत, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नोकरी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये, काम लोकांचं रक्त काढण्याचं. पण दर रविवारी दुपारी शेजारच्या तुळसाबाईंच्या समोरच्या खोलीत तीन तरुण माणसं त्याच्यापुढे कागद-पेन्सिल घेऊन बसायची आणि सारखी 'मास्टर, मंग काय झालं?' असं विचारायची. एवढ्यावरून मोहल्ल्यानं ठरवून टाकलं, की हा शिकवणी घेतो. कशाची, ते कोणी विचारलं नाही. पोरं घरात बसून आहेत, चौकात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत नाहीत, यावर मोहल्ला खूश होता.

खरं तर तो खेळ होता. एकानं, म्हणजे मास्टरनं, गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. राज्य, किल्ले, राक्षस, जादू, सगळं तोंडी. दीप्ती एरवी बँकेत होती, खेळात तलवारवाली सरदारीण. अंकुश लकडगंजातल्या लाकडाच्या टालीत कामाला, खेळात जादूगार. मेघा शाळेत गणित शिकवायची आणि खेळात चोर होती. जिवाला आराम मिळायचा तो तिला तिथेच. आपण काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. वीस म्हणजे फत्ते, एक म्हणजे सत्यानाश.

फासा मात्र सगळ्यांच्या देखत पडला पाहिजे, यावर संघपालचा फार कटाक्ष. इतर मास्टर लोक म्हणे पुठ्ठ्याचा आडोसा करून फासे टाकतात आणि आवडत्या माणसावर बेतलं तर हळूच आकडा फिरवतात. हे त्याला अजिबात खपायचं नाही. "मनानं ठरवलं तं खेळ कायचा? दादागिरी झाली ते," असं तो म्हणायचा. अंकुशनं एकदा विचारलं, या खानावळीतला चहा गरम आहे का? ह्यानं फासा टाकला. चार पडले. चहा थंड निघाला. हे वेड पुढे घरातही शिरलं. आईनं भात लावू का पोळ्या टाकू विचारलं, तरी ह्याचा हात खिशात जायचा. चार वर्षांत त्यानं फासा न टाकता कोणाला काही म्हणता काही दिलं नव्हतं.

तर ही चार वर्षांची गोष्ट शेवटी एका महायुद्धावर येऊन ठेपली. उत्तरेकडून भुजंगनाथाची सहा हजार राक्षसांची फौज, इकडे हिमकोट किल्ल्याची दोन हजार माणसं. आता सहा हजार राक्षसांचे सहा हजार फासे टाकत बसलं, तर खेळ नातवंडांना वारशात द्यावा लागेल. म्हणून संघपालनं युक्ती काढली. तुळसाबाईंच्या डब्यातली लाखोळीची डाळ म्हणजे राक्षस, हरभरे म्हणजे आपली माणसं, एक दाणा म्हणजे दहा जीव. एका तुकडीला एक फासा टाकायचा, आकड्याप्रमाणे दाणे उचलायचे आणि वाटीत टाकायचे. वाटीतले मेलेले हरभरे तुळसाबाई संध्याकाळी भिजत घालायच्या. रविवारी युद्ध, सोमवारी उसळ.

पहिल्याच फेरीत संघपालनं मूठभर हरभरे उचलले आणि म्हणाला, "तीनशे गेले."

"कोण तीनशे?" दीप्तीनं विचारलं.

"सैनिक."

"नावं सांग ना त्याईचे."

"तीनशे माणसाईचे नावं कुठून आणू वं?"

"आपल्या भरोशावर लढून राहिले ते बिचारे, न् तुले एकाचंही नाव माहीत नाही? सरळ वाटीत टाकून राहिला तू!"

हे संघपालला लागलं. तक्रार रास्त आहे का, यावर त्यानं फासा टाकला. अठरा पडले. मग काय करतो! त्यानं नियम केला: ज्या सैनिकाला नाव, तो ढिगात मरणार नाही. त्याच्यासाठी वेगळा फासा, आणि एक पडला तरच मरण. शिवाय नाव ज्यानं दिलं, त्या सैनिकानं काय करायचं ते त्यानंच ठरवायचं. अंकुशनं टालीतून सागवानाचे बोटाएवढे ठोकळे, म्हणजे गुटके, आणले, त्यांवर पेनानं नावं लिहिली आणि गुटके हरभऱ्यांत उभे केले.

नियम दिसायला साधा. पण नागपुरात बसून असला नियम करणाऱ्यानं लग्नपत्रिका नावाची चीज कधी नीट वाचलीच नसावी. आपल्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी शोधावी लागतात. काका, मामा, मावसे, त्यांचे साडू, मित्रमंडळ, 'आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की या' म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळ्यांची नावं हवीत. एक नाव राहिलं, की ते घर लग्नाला येत नाही. आणि राहिलं ते का राहिलं, याची चर्चा नवरा-नवरीला पोरं झाली तरी संपत नाही.

खेळणाऱ्यांकडची नावं संपली तेव्हा त्यांनी तुळसाबाईंना विचारलं. त्यांनी सहज कोपऱ्यावरच्या पानठेल्याच्या कवडूचं नाव सांगितलं. कवडूनं ठेल्यावर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, की आपण फौजेत लागलो. दुसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवाले गणपतराव संघपालच्या दारात हजर, अंगावर पीठ तसंच.

"कवडूचं नाव आहे म्हणते. आमचं काहून नाही?"

"काका, तो खेळ आहे," संघपाल म्हणाला.

"खेळ राहो का काही राहो. कवडूचं आहे ना?"

झालं! मग प्रेमिलाताई आल्या आणि नवऱ्याच्या आधी स्वतःचं नाव लिहवून गेल्या. शामलाबाईंनी दिल्लीच्या जावयाचं लिहवलं, कारण जावयाला राहू दिलं तर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. कोणी गुटक्यावर नावापुढं हुद्दा मागितला. तिसऱ्या रविवारी हिमकोटच्या फौजेत दोनशेच्या वर गुटके होते, आणि गुटक्यांचे मालक आपापल्या खुर्च्या घेऊन तुळसाबाईंच्या अंगणात बसले होते. फौज कुठल्या राजाची, भांडण कशाचं, हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

मागच्यांना ऐकू येईना, म्हणून मनोहरराव आपला माइक घेऊन आले. मोहल्ल्यातलं एकही लग्न मनोहररावांच्या आवाजाशिवाय लागत नाही. जिवंत माणसाच्या नावाआधी 'आयुष्यमान' आणि गेलेल्याच्या नावाआधी 'कालकथित' लावायला ते झोपेतही चुकणार नाहीत.

"आयुष्यमान गणपतराव, चक्कीवाले, यांच्यावर दोन राक्षस धावून आलेले आहेत," मनोहररावांचा आवाज पार चौकापर्यंत गेला. "मास्टर फासा टाकत आहेत. सात! आयुष्यमान गणपतराव सुखरूप आहेत. जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये."

ते शेवटचं वाक्य सवयीचं होतं. पण ऐकून लोक खरंच थांबायचे, आणि तुळसाबाईंना उसळ वाढवावी लागायची.

चौथ्या रविवारी कवडूवर एक पडला. कवडू स्वतः दारात उभा होता, तोंडात पान. मनोहररावांनी घसा साफ केला आणि कळवण्यास अत्यंत दुःख होत असल्याचं सांगून 'कालकथित कवडू' असा उच्चार केला. कवडूनं पान थुंकलं आणि डोक्यावरची टोपी काढली. दोन दिवस त्यानं ठेला उघडला नाही. लोक त्याला भेटायला गेले. गणपतराव त्याच्याजवळ बसून म्हणाले, "चांगला माणूस होता गा." कवडू म्हणाला, "लढता लढता गेला, एवढं समाधान आहे."

त्या दिवसापासून मोहल्ल्याला युद्धाचं गांभीर्य समजलं. पत्रिकेत जे एरवी वर चढायला बघतात, ते आता खाली सरकायला बघू लागले. "आमच्या जावयाले थोडं मागं घ्या ना मास्टर." "माह्या गुटक्याले किल्ल्याजवळ ठेवा, त्याचे गुडघे दुखते." ज्याला त्याला शेवटची रांग हवी.

एकट्या तुळसाबाईंचं उलटं. त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "आमच्या बुढ्याचं नाव लिही. रामाजी. न् त्याले सगळ्याईच्या समोर ठेव. एकदम समोर."

रामाजी म्हणजे तुळसाबाईंचे यजमान. सारा जन्म कन्हानच्या कोळशाच्या खाणीत काढला आणि सारा जन्म मागे उभं राहून काढला. रेशनच्या रांगेत मागे, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पाळीला, फोटोत कोणाच्या तरी खांद्याआड. खाणीच्या धुळीनं छाती धरली तेव्हा तुळसाबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या, रांगेत बसवलं आणि केसपेपर काढायला गेल्या. परत येऊन बघतात तर रामाजी होते त्याहून मागे. येईल त्याला हा माणूस म्हणत होता, "तुमचं घाईचं दिसते, जा समोर." तुळसाबाईंनी त्यांना तिथंच भर रांगेत झाडलं. त्या झाडत असतानाच रामाजींनी बाकावर मान टाकली. नंबर यायचा राहूनच गेला. याला सहा वर्षं झाली. दुःख लोकांचं ओसरतं, तुळसाबाईंचा राग काही ओसरला नव्हता.

म्हणून रामाजीचा गुटका आघाडीवर, लाखोळीच्या डाळीला नाक लावून. दर फेरीला पहिला फासा त्याच्यावर. आणि फासा पडला, की मनोहररावांचा आवाज यायचा, "आयुष्यमान रामाजी, मुक्काम कन्हान, आघाडीवर आहेत. सुखरूप आहेत."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तुळसाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला आणि कढईतली भजी करपली. सहा वर्षं त्या नावाआधी दुसराच शब्द लागत होता. मनोहररावांनाही आपण काय बोलून गेलो ते मागाहून समजलं. पण नियमानं गुटका जिवंत होता, आणि जिवंताला कालकथित म्हणणं त्यांच्या तोंडून होणारच नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी तुळसाबाई पहिल्या फेरीच्या आधी हात पुसून दारात येऊन उभ्या राहायच्या. ऐकायच्या आणि आत जायच्या.

संघपालला हे दिसत होतं. लोकांच्या शिरेत सहज सुई घालणारा हा माणूस रामाजीचा फासा टाकण्याआधी तो तीन-तीनदा पुसून घ्यायचा. एक पडला, तर या बाईंचा नवरा दुसऱ्यांदा जाणार, आणि तोही आपल्या हातून. फिरवता येत नाही, लपवता येत नाही. आपणच सांगून बसलो आहोत, की मनानं ठरवलं तर ती दादागिरी.

तशात दीप्तीची बदली हैदराबादला झाली. मंगळवारची गाडी. म्हणजे हा रविवार शेवटचा. आणि दोनशे गुटक्यांचे दोनशे फासे टाकता टाकता खेळातल्या घड्याळानं युद्ध जेमतेम अर्ध्या तासाचं झालं होतं. मेघानं कागदाच्या पाठीमागे गणित मांडलं. "ह्या चालीनं पुढच्या दिवाळीले संपते," ती म्हणाली.

"मले दिवाळीपर्यंत सुट्टी नाही भेटणार," दीप्ती म्हणाली. बराच वेळ ती जमिनीवरच्या मांडामांडीकडे बघत बसली. हिमकोट किल्ला भिंतीला लागून होता, सागवानाच्या तुकड्यांचा. त्याच्यासमोर खोल दरी, म्हणजे दोन सतरंज्यांमधली फट. फटीवर एक फळी टाकलेली, तो पूल. पुलाच्या अलीकडे सारी फौज आणि तिच्यासमोर डाळ. दीप्ती उठून उभी राहिली. "मास्टर, माघार. सगळी फौज पुलावरून किल्ल्यात. राक्षस मागं येतीन, पुलावर चढतीन, न् अंकुश जादूनं पूल तोडन. एका झटक्यात खतम."

अंगणात टाळ्या पडल्या. शेवटची रांग धरून बसलेल्यांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या, कारण किल्ला त्यांच्या पाठीशी होता. संघपालनं नियम सांगितला: पूल अरुंद आहे, एका फेरीत थोडेच जण जातील, आणि जो सगळ्यांच्या मागे असेल त्याला तोवर राक्षस थोपवावे लागतील. फेरीला एक फासा. सगळे 'हो हो' म्हणाले. संघपालनं फौजेचं तोंड फिरवलं, आणि मगच काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं.

फौज तोंड फिरवते, तेव्हा पहिला तो शेवटचा होतो. एवढी साधी गोष्ट चार वर्षं खेळ चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. सगळ्यांच्या मागे, डाळीला पाठ लागलेला, एकच गुटका उभा होता.

तुळसाबाई दारातून पुढे आल्या. त्यांनी वाकून बघितलं. "हे काय झालं गा?" त्या म्हणाल्या. "हा तं पुन्हा मागंच गेला!"

मग गणपतराव खुर्चीतून उठले. पुलाच्या तोंडाशी पहिला गुटका त्यांचाच होता. "माहा माणूस नाही जात," ते म्हणाले. "पहिले रामाजी जाईन."

"माही बाईही नाही जात," प्रेमिलाताई म्हणाल्या. आणि बघता बघता सगळं अंगण अडून बसलं. काल-परवापर्यंत जावयाला शेवटची रांग मिळावी म्हणून भांडणाऱ्या शामलाबाईसुद्धा म्हणाल्या, "जावई थांबते. रामाजीभाऊले जाऊ द्या." फौज पुलाच्या दोन्ही बाजूंना सरकून उभी राहिली, मधोमध वाट मोकळी. मनोहरराव माइकवर आले. "आयुष्यमान रामाजी, मुक्काम कन्हान, यांना नम्र विनंती, की त्यांनी कृपया समोर यावे. इतरांनी वाट सोडावी. महिलांनी गर्दी करू नये."

इकडे डाळ वीतभर पुढे आली.

"अरे, मरसान ना सगळे!" दीप्ती ओरडली. "माघार आहे ही! पळा ना, काहून थांबून राहिले?"

"रामाजी गेल्याशिवाय नाही," गणपतरावांनी हाताची घडी घातली. जगाच्या पाठीवर अशी माघार कोणी घेतली नसेल, जिथे राक्षस पाठीवर आला तरी दोन हजारांची फौज 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत उभी आहे.

मेघानं नियम आठवून दिला. गुटका काय करणार, ते ज्यानं नाव दिलं त्यानं ठरवायचं. सगळ्यांच्या माना तुळसाबाईंकडे वळल्या. त्या खाली बसल्या होत्या, सतरंजीवर. वाट मोकळी होती. हेच तर त्यांना सहा वर्षं हवं होतं.

"तो नाही जाणार," त्या म्हणाल्या.

"काहून आजी?" संघपालनं विचारलं.

"मले ठावं आहे ना. सारी जिंदगी पाह्यलं त्याले. तुम्ही पाया पडले तरी तो म्हणन, तुमचं घाईचं दिसते, जा समोर. मी कितीक बोंबलली, ऐकलं का त्यानं? तो काय माह्या सांगण्यानं जाते?" त्यांचा आवाज चढला आणि मग बसला. "जा गा तुम्ही सगळे. तो येते मागून. आण तो फासा इकडं. मी टाकते."

संघपालनं फासा त्यांच्या हातात दिला. इतकं हलकं त्याला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं, आणि हलकं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

पहिली फेरी. गुटके फळीवरून सरकू लागले. सरकवायचं काम कवडूनं घेतलं, मेलेल्या माणसाला दुसरं काय काम म्हणून. तुळसाबाईंनी फासा टाकला. अकरा. "आयुष्यमान रामाजी सुखरूप आहेत." गणपतराव पलीकडे गेले. सहा. "आयुष्यमान रामाजी सुखरूप आहेत." जावई पोचले, प्रेमिलाताई पोचल्या, त्यांचा नवरा त्यांच्या मागून पोचला. सतरा. मग दोन पडले, तेव्हा अंगणातल्या बायकांनी तोंडावर पदर धरले. पण दोन म्हणजे दोन, एक नव्हे. तुळसाबाई फासा टाकत होत्या आणि तोंडानं गुटक्याला बोल लावत होत्या, "थांब. थांब अजून. तुले काय घाई? तुले कधी होती घाई!" बिननावाचे हरभरेही ओंजळीनं पलीकडे गेले. सगळ्यांच्या शेवटी दीप्तीची सरदारीण गेली. तिनं मागे वळून तलवार उचलून सलाम केला, असं दीप्तीनं सांगितलं.

अलीकडे एकच गुटका राहिला. एक फासा, आणि तो किल्ल्यात.

तुळसाबाईंनी फासा टाकला. एक.

मग सगळे एकदम बोलू लागले. "सतरंजीवर अटकला तो, आजी, परत टाका," अंकुश म्हणाला. "तिरपा आहे," दीप्ती म्हणाली. मेघा, जी तीन आणि चार यांच्यामधला अर्धा मार्कही कोणाला सोडायची नाही, ती म्हणाली, "मले तर सात दिसून राहिले." मनोहररावांनी चष्मा काढून खिशात घातला आणि आपल्याला काहीच दिसलं नसल्याचं माइकवरून जाहीर केलं. आणि सगळे संघपालकडे बघू लागले.

फासा सपाट, सरळ पडला होता. संघपालच्या डोळ्यासमोर तो पुठ्ठ्याचा आडोसा आला. असता तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्याचा हात फाशाकडे जायला निघालासुद्धा.

"एक आहे," तुळसाबाई म्हणाल्या. "एकच आहे ना?"

"हो आजी," संघपाल म्हणाला.

"मंग काहून चाळे करून राहिले?" त्यांनी गुटका उचलून मुठीत घेतला. "सगळे पोचले?"

"पोचले."

"कोणी राहिलं नाही ना?"

"कोणीच नाही, आजी."

"मनोहरराव, सांगा मंग."

मनोहररावांनी माइक दोनदा तोंडाशी नेला आणि दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा म्हणाले, "कालकथित रामाजी. मुक्काम कन्हान." त्यापुढे कळवण्यास दुःख वगैरे काही आलं नाही, जेवणाचंही नाही. डाळ फळीवर चढली आणि अंकुशनं फळी उचलली. लाखोळीची डाळ दोन सतरंज्यांमधल्या फटीत गेली. चार वर्षांच्या गोष्टीतलं महायुद्ध जिंकलं होतं, आणि कोणी टाळी वाजवली नाही. कवडूनं टोपी काढली. मग एकेक जण आपापली खुर्ची घेऊन घरी गेला.

दीप्ती निघताना तुळसाबाईंच्या पाया पडली आणि रडली. अंकुश आणि मेघा तिला सोडायला गेले. संघपाल खाली बसून फटीतली डाळ वेचत होता. तुळसाबाई बाजूला बसल्या होत्या, गुटका मांडीवर.

"संघपाल, तू तं दवाखान्यातला माणूस," त्या म्हणाल्या.

"लॅबमधला, आजी."

"तेच ते." त्यांनी मांडीवरचा गुटका उलटा-सुलटा केला. "त्या दिवशी बुढ्यानं ज्याईले ज्याईले समोर जाऊ देल्लं ना, त्याच्यात एक पोटुशी बाई होती. एक माणूस लेकराले खांद्यावर घेऊन होता, लेकरू निपचित पडलं होतं. बाकीचे कोण होते, मी पाह्यलंच नाही. मी ह्याच्याच अंगावर ओरडून राहिली होती. आज पह्यल्यांदा मनात आलं." त्यांनी संघपालकडे पाहिलं. "ते वाचले असतीन का गा?"

संघपालचा हात सवयीनं खिशात गेला. फासा तिथंच होता, बोटांना लागला. त्यानं हात रिकामाच बाहेर काढला.

"वाचले, आजी," तो म्हणाला. "सगळे वाचले."

"फासा नाही टाकला तू."

"नाही टाकला."

तुळसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं गुटका पुसला, खिडकीत ठेवला, आणि हरभरे भिजत घालायला आत गेल्या.